अवशिष्ट प्रतिबले कशी निर्माण होतात?

वस्तूवर बाहेरून कोणताही भार नसतानाही तिच्या आत जी प्रतिबले शिल्लक राहतात, त्यांना अवशिष्ट प्रतिबले म्हणतात. बाह्य बल नसल्याने ती आपसांत समतोल राखतात. म्हणजेच एका भागात ताण असेल, तर दुसऱ्या भागात दाब असतोच. वस्तूचे काही भाग कायमचे आखूड, लांब किंवा फुगीर होतात आणि शेजारचे भाग तसे होत नाहीत, हे त्यांचे मूळ कारण आहे.

एक उदाहरण पाहू. दोन न हलणाऱ्या आधारांमध्ये पोलादाची सळई घट्ट बसवली आहे. यंग गुणांक २०० गिगापास्कल, प्रसरणांक १२ × १०⁻⁶ प्रति °से. आणि यील्ड प्रतिबल २५० मेगापास्कल धरू. प्रसरण अडल्यामुळे तापमानवाढीच्या प्रत्येक अंशाला २.४ मेगापास्कल दाब निर्माण होतो. म्हणून सुमारे १०४ अंशांच्या वाढीनंतर सळई यील्ड होते.

आता तापमान १५० अंशांनी वाढवले असे समजा. सळई यील्ड झाली नसती, तर दाब ३६० मेगापास्कल झाला असता. प्रत्यक्षात तो २५० वरच थांबतो आणि सळई कायमची आखडते. (तापमानामुळे यील्ड प्रतिबलात होणारी घट येथे सोडून दिली आहे.) थंड होताना बदल मात्र पूर्ण ३६० चा होतो. त्यामुळे शेवटी ३६० − २५० = ११० मेगापास्कल ताण उरतो.

वेल्डिंगमध्ये हेच घडते. सळईच्या जागी तापलेला सांधा आणि आधारांच्या जागी शेजारची थंड प्लेट असते. धातू तर वितळलेला असतो, म्हणून सांध्याजवळचा ताण यील्ड प्रतिबलाच्या जवळपास पोहोचू शकतो. मग वापरातला लहानसा बदलता भारही तेथे श्रांतीची चीर वाढवू शकतो. यासाठी साध्या कार्बन पोलादाचे जोडकाम सुमारे ६०० °से.पर्यंत तापवून सावकाश थंड करतात.

अवशिष्ट प्रतिबल नेहमी घातकच असते असे नाही. टफन्ड काचेचा पृष्ठभाग आधी थंड होऊन घट्ट होतो. गाभा नंतर आकुंचन पावतो आणि पृष्ठभागाला दाबात ठेवतो. चीर उघडण्यासाठी आधी हा दाब ओलांडावा लागतो, म्हणून काच अधिक मजबूत होते. शॉट पीनिंगने स्प्रिंगच्या पृष्ठभागावर असाच दाब आणतात.

स्वाध्याय : वरील सळई ८० अंशांनी तापवून थंड केल्यास किती प्रतिबल उरेल? कारण सांगा.