पोकळीचा माग काढणारा झोत

सर्नमध्ये पॉझिट्रॉनियम (इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची बांधलेली जोडी) लेसरने थंड केल्याची फेब्रुवारी २०२४ची बातमी बहुतेकांच्या वाचनात आली असेल. एगिस नावाच्या त्या प्रयोगात बंगळुरूची रामन संशोधन संस्थाही आहे, त्यामुळे आपल्याकडे कौतुकही झालं. मात्र प्रतिद्रव्याच्या या नवलाईत पॉझिट्रॉनचं, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या धनभारित प्रतिकणाचं, रोजचं काम झाकलं जातं. ते काम पदार्थातल्या पोकळ्या हुडकण्याचं आहे.

मक्याच्या कणसात एखादा दाणा भरायचा राहून जातो, तसा स्फटिकातला एखादा अणू जागेवर नसतो. तिथे धनभारित अणुकेंद्र नसल्याने पॉझिट्रॉन नेमका तिथेच अडकतो. भोवती इलेक्ट्रॉनही विरळ, म्हणून तो जरा जास्त जगतो. इलेक्ट्रॉनशी गाठ पडली की दोघेही संपतात आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात.

प्रयोगशाळेतली साधी मांडणी अशी: एकाच नमुन्याच्या दोन चकत्या, मध्ये पातळ पापुद्र्यात बंद केलेला सोडियम-२२चा क्षार आणि बाजूंना दोन डिटेक्टर. पॉझिट्रॉन बाहेर पडताना सोडियमकडून १२७४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा किरणही निघतो. तिथे घड्याळ सुरू होतं. ५११चा किरण आला की थांबतं. धातूंमध्ये हा काळ शे-दोनशे पिकोसेकंदांचा.

अडचण वेगाची आहे. हे पॉझिट्रॉन पातळ थर भेदून थेट आत घुसतात. त्यांना टंगस्टनच्या पत्र्यातून मंद करावं लागतं, आणि त्यात दहा हजारांतले जेमतेम एक-दोन हाती लागतात. मग हवा तो विद्युतदाब देऊन हव्या त्या खोलीवर पाठवता येतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात असा मंद पॉझिट्रॉनचा झोत आहे. पण सोडियमवरच्या झोताने एकेक नमुना खोलीनुसार तपासायचा, तर तासन्‌तास जातात.

जर्मनीत म्युनिकजवळ गार्खिंगच्या अणुभट्टीत वेगळी वाट काढली गेली. कॅडमियम न्यूट्रॉन गिळतं, गॅमा किरण सोडतं आणि ते प्लॅटिनमवर आदळून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या जन्मतात. सेकंदाला सुमारे १ अब्ज मंद पॉझिट्रॉन! भट्टी २०२० पासून दीर्घकाळ बंद राहिली आणि झोतही थांबला. एकाच यंत्रावर विसंबण्याचा हा धोका.

म्हणून असा झोत आपल्याकडे हवाच. या विषयाशी आपलं नातंही जुनं आहे. पॉझिट्रॉनचा शोध १९३२चा. अवघ्या चार वर्षांत, १९३६ मध्ये, केंब्रिजमध्ये असलेल्या होमी भाभांनी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन विकिरणाचं गणित प्रसिद्ध केलं. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडरमध्ये टकरींची मोजदाद आजही त्याच्या आधारे होते. भाभांच्याच ट्रॉम्बेत १९८५ पासून १०० मेगावॅटची ध्रुव अणुभट्टी आहे. तिथल्या न्यूट्रॉन झोतांवर विद्यापीठांतले संशोधक यूजीसी-डीएई कन्सॉर्टियममार्फत काम करतात. तीव्र पॉझिट्रॉन झोतालाही हीच पद्धत लावावी.

याचा खरा लाभ नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या महाविद्यालयांना. खानदेशात पातळ थर तयार करणारे प्राध्यापक आहेत. ते एक्स-रे डिफ्रॅक्शन करून आणतात. त्यातून स्फटिकाची रचना कळते, पण विखुरलेल्या रिकाम्या जागा सहसा निसटतात. झोत तीव्र असला की तासांचं मोजमाप मिनिटांवर येतं, आणि मगच बाहेरच्या माणसाचा नंबर लागतो. नमुना सेंटिमीटरभर काचेवरचा. तो खिशात घालून सुरतमार्गे मुंबईला नेता येतो. घोडं अडतं ते झोतावरच्या वेळेपाशी.