उन्हात चिलट का पडते?

शहादा-तळोद्याकडे पपईची तोड झाली, की बांधावर फेकलेल्या सडक्या फळांवर तांबड्या डोळ्यांची बारीक चिलटे घोंगावू लागतात. ही आपली शत्रू नव्हेत. दोडका, भोपळा, पेरू पोखरणारी फळमाशी निराळी. हे चिलट जेमतेम ३ मिलिमीटरचे, आंबलेल्या फळावर जगणारे. पण प्रयोगशाळेत त्याला मोठा मान! २५ अंश तापमानात अंड्यापासून पूर्ण चिलट व्हायला सुमारे १० दिवसच लागतात. त्यामुळे आजोबांचा गुण नातवात उतरला की नाही, हे महिन्याभरात कळते.

एवढासा हा जीव ऊन सोसतो कसा? इटलीत फेरुचिओ रितोसा या शास्त्रज्ञाच्या उबवणपेटीचे तापमान कोणीतरी चुकून वाढवले. आतल्या अळ्यांच्या गुणसूत्रांवर ठराविक जागी फुगवटे आलेले त्यांना दिसले. एरवी स्वस्थ बसलेली काही जनुके उष्णता लागताच कामाला लागली होती. ती जनुके खास प्रथिने बनवतात, हे १९७४ मध्ये सिद्ध झाले. अंडे उकडले की आतला पांढरा भाग घट्ट होतो. फार उष्णतेत पेशीतल्या प्रथिनांचेही तसेच बिनसते. ही रक्षक प्रथिने त्यांना धरून ठेवतात, बिघडलेली पुन्हा घडीवर आणतात. आधी थोडी ऊब सोसलेल्या चिलटाच्या मज्जातंतूचा निरोप पुढच्या कडक उष्णतेतही स्नायूपर्यंत अधिक काळ पोहोचतो. मिरचीची रोपे लावणीआधी पाणी तोडून कणखर करतात ना, तसलाच प्रकार. आतली क्रिया मात्र वेगळी.

जनुकच बिघडलेले असेल तर? याचा शोध आपल्या मुंबईतही झाला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ पासून काम करणारे ओबेद सिद्दीकी यांनी सीमोर बेन्झर यांच्यासह १९७६ मध्ये अशी चिलटे वर्णिली, की जी गारव्यात धडधाकट असतात, उष्णता वाढताच लुळी पडतात आणि पुन्हा गार केली की उठून चालू लागतात! एका जातीला ‘कोमाटोज’, म्हणजे बेशुद्ध, असेच नाव दिले.

१९७१ मध्ये परदेशात सापडलेली अशीच एक जात मात्र आपल्या कपाशीच्या फडाशी येऊन भिडते. तिच्यात बिघडलेले जनुक मज्जातंतूवरची सोडियमची दारे घडवते. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन ही पायरेथ्रॉइड गटातली औषधे नेमकी हीच दारे उघडी अडकवून कीड लोळवतात. किडींतही हे जनुक असतेच. एखाद्या किडीत त्यात जन्मतः किंचित फरक असला, तर औषध दाराला नीट लागत नाही. फवारणीत बाकीच्या मरतात, ती उरते, तिचीच प्रजा वाढते. पुढच्या वेळी आपण मात्रा वाढवतो, आणि पुन्हा तिचेच फावते.

दुकानात डबा बदलून मिळाला म्हणजे औषध बदलले, असा समज गावोगाव आढळतो. कंपनी दुसरी, नाव दुसरे, आत औषध तेच! डब्यावरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा खालचे बारीक अक्षरांतले घटकाचे नाव वाचावे. चष्मा नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्यावे. मागच्या फवारणीचा गट वहीत लिहून ठेवावा, आणि पुढची फवारणी करावीच लागली, तर ती दुसऱ्या गटातल्या शिफारशीत औषधाची करावी.