जुन्या पेठेची नवी घडी

सकाळी आठच्या सुमारास ठाणे स्थानकाच्या पश्चिमेकडील पुलावर घटकाभर उभे राहावे आणि खाली पाहावे. माणसांचा लोंढा अखंड वाहत असतो. कोणी कचेरीस निघालेला असतो, कोणी महाविद्यालयास. कोणाच्या डोक्यावर भाजीची पाटी असते, तर कोणाच्या बोटाला झोपेतून नुकतेच उठलेले मूल. गाडी सुटावयास दोन मिनिटे उरलेली असतात आणि नेमकी त्याच वेळी वाट अडलेली असते. अशा वेळी मनात येते, की हे गाव असे अडचणीचे कोणी वसविले असेल?

खरे पाहता ते तसे कोणी वसविलेले नाही. जुन्या ठाण्याचे तोंड मुळी या बाजूला नव्हतेच. खाडीच्या काठी पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला किल्ला १७३७ साली मराठ्यांनी जिंकला. आज त्याच किल्ल्यात मध्यवर्ती कारागृह आहे. मासुंदा तलाव, त्याच्या काठचे कौपिनेश्वराचे मंदिर आणि जवळचा बाजार हे त्या गावाचे हृदय होते. रस्ते होते ते बैलगाड्यांपुरते आणि पायी चालणाऱ्यांपुरते. पुढे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी सुमारे ३४ किलोमीटरचे अंतर तोडून येथे येऊन थांबली, आणि त्या दिवसापासून गावाचे तोंड हळूहळू वळू लागले. ज्या वाटा तळ्याकडे जात होत्या, त्या स्थानकाकडे जाऊ लागल्या. त्या वाटांच्या दोन्ही कडांना दुकाने आली, दुकानांवर बिऱ्हाडे आली, आणि एका पिढीत पाऊलवाटेची बाजारपेठ झाली.

१९६१ साली या शहराची वस्ती सुमारे एक लाख होती. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली व वागळे इस्टेटीत कारखाने उभे राहू लागले. २०११ च्या जनगणनेत ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीतील लोकसंख्या अठरा लाखांच्या वर गेली. मधल्या काळात शहराची हद्दही बरीच वाढली होती हे खरे. परंतु या विस्तारलेल्या हद्दीतील असंख्य लोक रोज सकाळी मुंबईची गाडी पकडण्यासाठी त्याच जुन्या स्थानकाकडे येत राहिले. शहर अठरा पटींनी वाढले, तरी त्याचा उंबरठा मात्र होता तेथेच आणि तेवढाच राहिला.

अशा जुन्या पेठेची नवी घडी बसवावयाची म्हणजे काय करावयाचे? बहुतेकांच्या तोंडी पहिले उत्तर येते ते रस्ता रुंद करण्याचे. ठाण्यात हा उपाय मोठ्या प्रमाणावर करून झालेला आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस टी. चंद्रशेखर हे महापालिकेचे आयुक्त असताना शहरातील अनेक रस्त्यांवरील आड येणारी बांधकामे काढण्यात आली व रस्ते रुंद झाले. शहराला त्याचा लाभ झाला, हे नाकारता येणार नाही. परंतु रुंदीकरण हा शब्द नकाशावर जितका सरळ दिसतो, तितका तो प्रत्यक्षात सरळ नसतो. एखादे दुकान दहा फूट खोल असावे आणि त्यातील सहा फूट रस्त्यात जावेत, तर उरलेल्या चार फुटांत दुकानदाराने स्वतः उभे राहावे की माल ठेवावा? त्याच दुकानात वीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाचे नाव तर कोणत्याच कागदावर नसते. शिवाय रुंद झालेला रस्ता मोकळा राहतो थोडेच दिवस. मोकळा रस्ता पाहून अधिक वाहने त्यावर येतात, कडेला उभी राहतात, आणि पायी चालणारा जेथे होता तेथेच, किंबहुना थोडा अधिक आक्रसून, चालत राहतो.

हा प्रश्न आपल्या देशात नवा नाही. एका शतकापूर्वी पॅट्रिक गेडिस नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ हिंदुस्थानात आले. ते मूळचे प्राणी व वनस्पती यांचे अभ्यासक. शहरसुद्धा एखाद्या सजीव प्राण्याप्रमाणे वाढते, आजारी पडते व बरे होते, असे त्यांचे मत होते. १९१४ पासून पुढे त्यांनी अनेक भारतीय शहरे पायी हिंडून पाहिली व त्यांच्यासंबंधी अहवाल लिहिले. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचे ते प्राध्यापक झाले. दाट वस्तीतून सरळ रेघ मारून रुंद रस्ता काढावयाचा व आड येतील ती घरे पाडावयाची, ही त्या काळच्या अभियंत्यांची रीत त्यांना मान्य नव्हती. चांगला शल्यवैद्य जसा रोग जडलेला भाग तेवढाच काढतो आणि निरोगी अवयवाला धक्का लावीत नाही, तसे नगररचनाकाराने वागावे, असे ते सांगत. पडके घर काढावे, कोंदट बोळाचे एखादे टोक मोकळे करावे. विहीर, झाड, देऊळ, ओटा ही सारी जागच्या जागी ठेवावीत. यात खर्च कमी आणि बेघर होणारी माणसेही कमी. पण वैद्याप्रमाणेच त्यांची एक अट होती. आधी निदान, मग उपचार.

निदान कसे करतात, हे समजून घेण्यासारखे आहे. पेठेत येणारे सगळे एकाच कामासाठी येत नाहीत. कोणी केवळ तेथून जात असतो, कोणी खरेदीला येतो, कोणी तेथेच राहतो आणि कोणाचे पोट तेथल्या फूटपाथवर अवलंबून असते. म्हणून नगररचनाकार प्रथम मोजणी करतात. कोणत्या रस्त्याने, कोणत्या वेळी, किती माणसे पायी गेली, किती बसने, किती रिक्षाने आणि किती स्वतःच्या मोटारीने, हे पाहतात. मी मुख्याध्यापक असताना आमच्या गावातील स्टेशनाजवळच्या चौकात आठवीच्या मुलांकडून एका सकाळी अशी मोजणी करविली होती. मोजणीपूर्वी मी मुलांना विचारले, की रस्त्यावर सर्वांत जास्त काय दिसते? सर्वांनी एकमुखाने सांगितले, "मोटारी आणि रिक्षा!" वह्यांवरील रेघा मोजल्या, तेव्हा पायी चालणारी माणसेच कितीतरी अधिक भरली. मोटारीला जागा फार लागते, म्हणून ती डोळ्यांत भरते. माणूस अंग चोरून जातो, म्हणून तो हिशेबातून निसटतो.

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेस पुढे जी योजना झाली, तिचे मर्म या मोजणीच्या अंगाने चटकन ध्यानात येते. 'सॅटिस' या नावाने ती ओळखली जाते. पूर्वी बस, रिक्षा, खाजगी मोटारी आणि पादचारी या सर्वांची एकाच पातळीवर एकाच तुकड्यासाठी झोंबाझोंबी चाले. जमीन वाढविता येत नाही; तेव्हा एकावर एक दोन मजले केले तर? खांबांवर एक विस्तीर्ण मार्ग बांधण्यात आला. बस या वरच्या मार्गावर येतात, आणि गाडीतून उतरलेला प्रवासी रेल्वेच्या पुलावरून थेट तेथे पोहोचतो; खालच्या गर्दीत त्याला उतरावे लागत नाही. रिक्षा व इतर वाहने खाली राहिली. २००९ साली हा मार्ग वापरात आला. जो एका बसमधून पन्नास माणसे नेतो त्याला चांगली जागा आधी, आणि जो एका मोटारीतून एकटाच जातो त्याला नंतर, हा न्याय मला योग्य वाटतो. तथापि खांबांखालचा भाग अंधारा झाला, तेथील दुकानांवरचे आकाश गेले, हेही सांगावयास हवे. वरचा मजला बांधला म्हणजे खालचा प्रश्न सुटतोच असे नाही. तो कधी कधी केवळ दृष्टीआड होतो.

गावदेवी मैदानाखाली वाहनतळ बांधण्यात आला, त्याविषयीही असेच दुहेरी मत होऊ शकते. वाहने जमिनीखाली गेली तर रस्त्याची कड मोकळी होईल हे खरे; पण गर्दीच्या मध्यभागी वाहन ठेवावयास सोयीची जागा मिळाली, तर वाहन घरी ठेवून कोण येईल? माझ्या मते गर्दीवरचा अधिक मूलगामी उपाय म्हणजे ती वाटून देणे. ठाणे व मुलुंड या स्थानकांच्या दरम्यान आणखी एक स्थानक उभारण्याची योजना त्याच विचारातून निघाली आहे. पेठ सुधारण्याचा एक मार्ग असा पेठेच्या बाहेरूनही जातो.

हे सारे सोयी-गैरसोयीपुरतेच आहे, असे मात्र कोणी समजू नये. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईतील एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर सकाळच्या पावसात चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे मृत्युमुखी पडली. भोवतालच्या गिरण्या जाऊन तेथे उंच उंच कचेऱ्या आल्या होत्या; पूल मात्र जुन्याच मापाचा होता.

त्या दुर्घटनेनंतर सर्वांचे लक्ष गेले ते फेरीवाल्यांकडे. रेल्वे स्थानकापासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाल्यांनी बसू नये, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी दिला. जिन्याच्या तोंडाशी पाटी मांडून बसणे धोक्याचे आहे, यात शंका नाही. पण संध्याकाळी थकून उतरलेली गृहिणी कोथिंबिरीची जुडी घेते ती याच पाटीवरून, आणि त्या पाटीवर आणखी एक घर चालते. २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांसंबंधी जो कायदा केला, त्यात यावर एक समंजस मार्ग सुचविला आहे. प्रत्येक शहरात एक समिती असावी, तिच्यात किमान चाळीस टक्के प्रतिनिधी पथविक्रेत्यांचे असावेत, आधी सर्वांची नोंद व्हावी आणि नोंद पुरी होईपर्यंत कोणालाही उठवू नये, असे तो कायदा सांगतो. म्हणजे येथेही आधी मोजणी आणि मग हालचाल, हाच क्रम आहे. कायद्यातील हा क्रम पुष्कळ ठिकाणी उलटा चालतो, ही गोष्ट वेगळी.

आता, हे ठरवितो कोण? महाराष्ट्रात १९६६ साली झालेल्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार प्रत्येक नगरपालिकेने आपल्या हद्दीची विकास योजना तयार करावयाची असते व साधारणपणे वीस वर्षांनी तिची फेरतपासणी करावयाची असते. कोणता रस्ता किती रुंद व्हावा, मंडई कोठे असावी, शाळेसाठी व मैदानासाठी कोणती जागा राखून ठेवावी, हे सर्व त्या नकाशावर रंगांनी दाखविलेले असते. एखाद्याची जागा अशी राखून ठेवली आणि दहा वर्षांत ती ताब्यात घेतली नाही, तर मालकाला नोटीस देऊन ती सोडवून घेण्याचा मार्ग खुला होतो. म्हणूनच नकाशावर हिरवी दिसणारी कित्येक मैदाने जमिनीवर कधी उतरतच नाहीत. नकाशा मंजूर होण्यापूर्वी तो लोकांसमोर ठेवावा लागतो. ठराविक मुदतीत कोणाही नागरिकाला हरकत वा सूचना लेखी देता येते, आणि नियोजन समितीपुढे तिची सुनावणी होते. परंतु नकाशा टांगलेल्या त्या कचेरीत जातात ते बहुधा ज्यांची घरे वा भूखंड रेघेखाली येतात तेच. केवळ चालत जाणारा माणूस तेथे क्वचितच दिसतो, कारण त्याचे तेथे काही गेलेले नसते असे त्याला वाटते.

आमच्या मुलांनी त्या सकाळी मोजणीबरोबर आणखी एक गोष्ट टिपली होती. एक म्हातारी बाई फुलांची टोपली घेऊन, आणि तिच्यासारखी आणखी कितीतरी माणसे, रस्ता ओलांडीत ती आखलेल्या पट्ट्यांवरून नव्हे, तर त्यांच्यापासून बऱ्याच अंतरावर, देवळाच्या बोळासमोरून. पट्टे आखणाऱ्याने चौकाचा विचार केला होता, बोळाचा नव्हे. मुलांनी कागदावर चौकाची आकृती काढली, बाण दाखविले, खाली सर्वांनी सह्या केल्या आणि अर्ज नगरपालिकेत नेऊन दिला. त्याची पोच अजून माझ्या कपाटात आहे. उत्तर काही आले नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर रस्त्याचे डांबरीकरण झाले, तेव्हा नवे पट्टे देवळाच्या बोळासमोर आखलेले दिसले. ते आमच्या अर्जामुळे की अन्य कोणाच्या सांगण्यावरून, हे आम्हांस कधी कळले नाही. पण ती बाई त्यानंतर त्यांवरूनच जात असे.