शून्याची निश्चिती आणि पुनर्प्राप्ती : हौशी सीएनसी राउटरच्या संदर्भात

प्रस्तावना :

संख्यात्मक नियंत्रणाने चालणाऱ्या यंत्राचे प्रात्यक्षिक १९५२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे झाले. कारखान्यांपुरते राहिलेले हे तंत्र घरातील मेजावर येण्यास त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लागला. २००९ मध्ये नॉर्वेचे सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी ‘ग्रबल’ ही मुक्त आज्ञावली सिद्ध केली. ती अर्डुइनोसारख्या अल्पमोली पटलावर चालत असल्याने लाकूड व अ‍ॅक्रिलिक कोरणारे छोटे राउटर हौशी कारागिरांच्या आणि शैक्षणिक कार्यशाळांच्या आवाक्यात आले. अशा यंत्रावर फळी वाया गेली की दोष प्रथम आराखड्यात शोधला जातो. वास्तविक तो पुष्कळदा शून्यात असतो. ‘झिरो घेणे’ ही कार्यशाळेतील नित्याची क्रिया आहे; परंतु घेतलेले शून्य पुन्हा सापडेल की नाही, हा त्याहून वेगळा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचे विवेचन मुख्यत्वे ग्रबलच्या आधारे केले आहे.

यंत्राचे शून्य आणि जॉबचे शून्य :

हौशी राउटरमधील स्टेपर मोटरला आपण कोठे आहोत हे कळत नाही. नियंत्रक पाठविलेल्या स्पंदांची केवळ मोजदाद करतो. मोटर खरोखर फिरली की अडली, याची वार्ता त्याच्याकडे परत येत नाही. यंत्र सुरू होताच गणना शून्यापासून आरंभ होते, मग स्पिंडल मेजावर कोठेही असो. म्हणून होमिंगची आवश्यकता असते. या क्रियेत झेड अक्ष प्रथम वर जातो, नंतर एक्स व वाय अक्ष आपापल्या लिमिट स्विचला स्पर्श करून किंचित मागे येतात. त्या जागेवरून यंत्राचे शून्य ठरते. ग्रबलच्या मूळ मांडणीत ते उजव्या, मागील, वरच्या कोपऱ्यात असल्याने यंत्राचे निर्देशक ऋण येतात; विद्यार्थी येथे हमखास गोंधळतात.

जॉबचे शून्य मात्र आपण ठरवितो. समजा, फळीच्या डाव्या पुढील कोपऱ्यावर बिट आणून ‘जी१० एल२० पी१ एक्स० वाय०’ ही आज्ञा दिली. त्या वेळी यंत्राचे निर्देशक एक्स -२५०, वाय -१६० असतील, तर जी५४ या नोंदीत हे अंतर साठविले जाते आणि वीज गेल्यावरही ते टिकते. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी : साठविले जाते ते अंतर, स्थान नव्हे. जमीनमोजणीत हद्दीचा दगड जागेवर असेल तरच नकाशावरील मापे उपयोगी पडतात, तसेच हे आहे. वीज परत आल्यावर होमिंग केले, तर ‘जी० एक्स० वाय०’ ही आज्ञा बिटला त्याच कोपऱ्यावर नेते. होमिंग न करता तीच आज्ञा दिल्यास यंत्र थांबल्या जागेपासून २५० मिमी डावीकडे धावू पाहते आणि चौकटीवर आदळते.

स्पिंडल जागचे हलले नाही, तेव्हा शून्यही हललेले नसणार, हा समजही पूर्णतः खरा नाही. १.८ अंशांच्या मोटरला एका फेऱ्यात २०० पूर्ण पावले असतात. स्क्रू एका फेऱ्यात ८ मिमी सरकवीत असेल तर एक पाऊल ०.०४ मिमीचे. वीज पुन्हा येताच मोटरचा गाभा चार पावलांच्या चक्रातील जवळच्या स्थानी ओढला जातो. त्यामुळे दोन पावलांपर्यंत, म्हणजे ०.०८ मिमीपर्यंत, फरक पडू शकतो. पाटी कोरताना तो दिसणार नाही. लाकडात लाकूड बसविण्याच्या जडावकामात सांधा मात्र उघडा पडतो.

जी९२ या आज्ञेनेही शून्य घेता येते, परंतु ग्रबलमध्ये ते रीसेट होताच पुसले जाते. लांबणाऱ्या कामासाठी प्रस्तुत लेखकाच्या मते ती वापरूच नये.

झेड अक्षाचे वेगळेपण :

बिट बदलला तरी एक्स व वाय यांची शून्ये कायम राहतात. झेडचे राहत नाही, कारण नव्या बिटची लांबी निराळी असते. बिटखाली साधा कागद सरकवीत तो अडकेपर्यंत खाली येणे, ही जुनी रीत. कागदाची जाडी सुमारे ०.१ मिमी धरावी. अधिक विश्वसनीय मार्ग म्हणजे ज्ञात जाडीची धातूची पट्टी ठेवून ‘जी३८.२’ने सावकाश स्पर्श घेणे आणि झेडचे मूल्य पट्टीच्या जाडीइतके नोंदविणे. कडेवरून एक्स किंवा वाय घेतानाही असाच हिशेब असतो : ६ मिमीचा बिट डाव्या कडेला बाहेरून टेकला असता त्याचे केंद्र एक्स -३ वर असते.

झेडचे शून्य फळीच्या पृष्ठावर घ्यावे की मेजावर, याचा निर्णय आधीच करावा. पृष्ठभाग रंधून निघणार असेल तर पृष्ठावरचे शून्य पहिल्याच फेरीत नाहीसे होते. बिट बदलल्यावर ते कोठून घेणार?

परतीचा मार्ग :

शून्याकडे तिरप्या रेषेत परतणारा बिट वाटेतील शिकंजा किंवा जॉब घेऊन जातो. म्हणून प्रथम ‘जी५३ जी० झेड-५’ने यंत्राच्या निर्देशकांत वर यावे, नंतर एक्स-वाय हलवावे आणि शेवटी झेड उतरवावा. जी२८ ही आज्ञा सुरक्षित आश्रय वाटते. पण निरपेक्ष पद्धतीत ‘जी२८ झेड०’ म्हटल्यास बिट आधी जॉबच्या झेड शून्यावर उतरतो आणि मगच साठविलेल्या स्थानी जातो. शून्य मेजावर असेल तर तो फळीतून आरपार उतरू पाहतो.

चालत्या गतीत रीसेट दाबल्यास ग्रबल अलार्म देते, कारण स्थानाची खात्री उरलेली नसते. कुलूप उघडण्याच्या आज्ञेने अलार्म जातो, हरवलेले स्थान परत मिळत नाही. तेथे होमिंगच करावे लागते.

बिट अडून पावले चुकली, तर मात्र कोणताही अलार्म वाजत नाही. त्याची परीक्षा सोपी आहे. काम सुरू करण्यापूर्वी एक्स-वाय शून्यावर फळीच्या टाकाऊ भागात बारीक खूण करावी. पहिली फेरी संपल्यावर, शिकंजे सोडण्याआधी, बिट शून्यावर परत आणून त्या खुणेवर येतो का ते पाहावे. खूण चुकली असेल तर दुसरी फेरी सुरू न करता होमिंग करून खूण पुन्हा तपासावी; फळी हललेली नसेल तर बिट खुणेवर येतो आणि काम पुढे नेता येते.