हिरडा, रापी आणि दोन सुया

भोरहून वरंध घाटाकडे निघालं की हिरडस मावळ लागतं. वेल्ह्याच्या रानातही हिरडा आहेच. आपल्याला तो खोकल्याचं औषध म्हणून ठाऊक. पण कातडं कमावायलाही तोच लागतो. 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल नि हिरडा यांतच मुरतं.

घरी हातानं पट्टा-पाकीट शिवू पाहणाऱ्या हौशी माणसानंही असंच, सालीत कमावलेलं कातडं घ्यावं. क्रोमनं कमावलेलं मऊ लागतं हाताला, पण त्यावर ठसा नीट उठत नाही, कडही घोटून चकचकीत होत नाही. कमरेच्या पट्ट्याला 3 ते 3.5 मिलिमीटर जाडी हवी, पाकिटाला एक-सव्वा पुरे.

महागडा संच कशाला? धारदार रापी, आरी, लोखंडी पट्टी, मेण लावलेला दोरा नि बोथट टोकाच्या दोन सुया घ्या. दोरा शिवणीच्या चौपट कापा, दोन्ही टोकांना सुई ओवा. आरीनं भोक पाडलं की दोन्ही सुया त्यातूनच समोरासमोर काढायच्या आणि दोन्हीकडे सारखं ओढायचं. यंत्राची शिवण एका जागी तुटली की उसवत जाते; ही तशी सुटत नाही. वेळ खाते, खाऊ द्या. शेवटी कड किंचित ओली करून गुळगुळीत लाकडानं घोटा.