सपाट जागेचा संशय

आल्प्समध्ये तंबू टाकून चार दिवस राहायचं ठरलं की आमच्या घरात जागेवरून वाद सुरू होतो. नवऱ्याला तंबूच्या दारातून बर्फाचं शिखर दिसायला हवं असतं. मला सकाळचं ऊन लवकर हवं असतं. बाबांची उभी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. उन्हाळ्यात ते कऱ्हाडहून आमच्याकडे म्युनिकला येतात तेव्हा शिखराकडे आणि उन्हाकडे बघतच नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "इथं पाणी कुठून येतं, आणि वाढलं तर कुठवर चढतं?"

वेबसाइटवरचे फोटो या प्रश्नाला उपयोगाचे नसतात. सगळ्या कॅम्पसाइटचे फोटो एकाच माणसाने काढल्यासारखे दिसतात. हिरवळ, मागे पांढरं शिखर, पुढे लाल तंबू आणि हसणारं पोर. ऊन किती वाजता येतं, नदीचा आवाज किती, चर्चची घंटा रात्रभर दर पाव तासाला वाजते का, यातलं फोटोत काहीच येत नाही. म्हणून आम्ही आधी नकाशा घेऊन बसतो. स्वित्झर्लंडचे सरकारी नकाशे १:२५,००० प्रमाणाचे असतात आणि डोंगराळ भागात दर वीस मीटर उंचीला एक समोच्च रेषा असते. रेषा दाटीवाटीने असतील तिथे कडा, विरळ असतील तिथे सपाटी. तंबूवाला साहजिकच विरळ जागा शोधतो. बाबा नेमके तिथेच बोट ठेवून विचारतात, "एवढ्या उभ्या डोंगरात ही जागा सपाट केली कुणी?"

या वेळी नकाशा लाउटरब्रुनेनचा होता. इंटरलाकेनहून युंगफ्राउकडे जाणाऱ्या भारतीय प्रवाशांना हे नाव ओळखीचं असतं, पण बहुतेक जण आगगाडी बदलण्यापुरतेच तिथे उतरतात. गाव साधारण ८०० मीटर उंचीवर आहे. दोन्ही बाजूंना हिमनदीने कापलेले उभे कडे आणि तळाला सपाट, अरुंद कुरणं. दरीत ७२ धबधबे आहेत असं सांगतात. त्यातला श्टाउबबाख गावाच्या डोक्यावरच जवळपास ३०० मीटर खाली कोसळतो. त्याचं बरंचसं पाणी वाटेतच तुषार होऊन वाऱ्यावर जातं, त्यामुळे तो दिसायला भव्य असला तरी आवाजाने गरीब आहे. खरा दणका ट्र्युमेलबाखचा. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तीन शिखरांवरच्या हिमनद्यांचं पाणी तो कड्याच्या पोटातून खाली आणतो, सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. तो आकडा वाचून बाबांनी मनातल्या मनात हिशेब केला. "सातशे क्युसेक. कोयनेच्या पायथा वीजगृहातून पावसाळ्यात सोडतात त्याच्या तिसरा हिस्सा. आणि तोही एका कपारीतून!"

दरीचा तळ सपाट केला तो अशाच पाण्याने. डोंगरातला ओढा उभ्या घळीतून दगड, वाळू, झाडं असं सगळं घेऊन खाली येतो. उतार संपला की त्याची ताकद संपते आणि तो ओझं तिथेच टाकतो. पुढच्या वेळी थोडा डावीकडे, त्यापुढच्या वेळी उजवीकडे. शाळेच्या भूगोलात आपण याला पंखाकृती मैदान म्हणतो. नकाशावर ते चटकन ओळखू येतं, कारण घळीच्या तोंडाशी समोच्च रेषा दरीकडे फुगलेल्या दिसतात. प्रत्यक्षात तिथे उभं राहिलं तर मात्र कळतही नाही. अंगावर येणार नाही असा हलका उतार, पाण्याचा निचरा उत्तम, गवत दाट. तंबूसाठी याहून चांगली जमीन मागून मिळायची नाही, आणि इथेच घोळ आहे.

१४ जुलै १९८७ च्या संध्याकाळी फ्रान्समधल्या ल ग्राँ-बोर्नां इथे वादळी पाऊस झाला. बोर्न नावाचा ओढा काठावरच्या कॅम्पसाइटमध्ये शिरला आणि २३ माणसं गेली. ७ ऑगस्ट १९९६ ला स्पेनच्या बाजूच्या पिरेनीजमध्ये, बिएस्कास गावाजवळ, याहून भयंकर घडलं. आरास नावाच्या ओढ्याच्या पंख्यावरच कॅम्पसाइट होती. ओढ्यावर बंधारे होते, पंख्यावरून त्याला बांधीव पाट काढून दिलेला होता. बंधारे फुटले, पाट कुठच्या कुठे गेला आणि ८७ जण मेले. दोन्ही प्रकरणं पुढे कोर्टात गेली आणि दोन्हीकडे सरकारी यंत्रणेवर जबाबदारी आली. बिएस्कासची हकीगत मी बाबांना वाचून दाखवली तेव्हा ते बंधाऱ्यांच्या ओळीपाशी थांबले. बंधारा बांधला की त्याच्या खालचा माणूस निर्धास्त होतो, हे त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हाही "इथवर कधी आलं नव्हतं" हेच वाक्य घरोघर ऐकू येत होतं.

आता स्वित्झर्लंडमध्ये यावर चांगला उपाय आहे आणि तो कुणालाही फुकट बघता येतो. बर्न कँटनच्या संकेतस्थळावर धोक्याचे नकाशे आहेत. पूर, दरड, गाळाचा लोंढा, हिमलोट अशा प्रत्येक संकटासाठी जमीन रंगवलेली. लाल म्हणजे नवं बांधकाम नाही, निळं म्हणजे अटी पाळून, पिवळं म्हणजे धोका कमी, आणि पिवळे-पांढरे पट्टे म्हणजे फार क्वचित, पण घडू शकतं. बाबांचा इथे गोंधळ उडाला. आपल्याकडे पूररेषा दोन. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. म्हणजे आपली निळी रेषा नदीला जवळची आणि तिच्या आतले नियम जास्त कडक. इथे उलट. "मग तर तुमच्या निळ्यात मी झोपणारच नाही," असं म्हणून ते बराच वेळ अडून बसले होते. रंगांची उलटापालट समजावून सांगितल्यावरही त्यांनी शेवटी बोट ठेवलं ते कोऱ्या, रंग नसलेल्या तुकड्यावरच. मला ते पटलं. कॅम्पसाइट असलेली जमीन लाल नसली तरी ती निळी आहे का पिवळी, हे तंबूत झोपणाऱ्याने बघावं. दगडी घरातला माणूस माडीवर चढून बसू शकतो, तंबूला माडी नसते.

नकाशा नसेल तर जुनी घरं कुठे आहेत ते बघावं, असा एक सल्ला नेहमी दिला जातो. चर्च आणि जुनी लाकडी घरं जिथे, तिथे गेली तीनशे वर्षं काही आलं नाही, असा त्यामागचा तर्क. सल्ला अर्धाच खरा आहे. याच भागात ब्रिएन्झ गाव तळ्याच्या काठी ओढ्यांच्या पंख्यांवर वसलेलं आहे, कारण जुन्या काळी दरीचा तळ दलदलीचा असायचा आणि कोरडी जमीन पंख्यावरच मिळायची. तिथे ऑगस्ट २००५ मध्ये ग्लिसिबाख आला आणि दोघांचा जीव गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये शेजारचा मिलिबाख आला. तेव्हा जुनं घर हा पुरावा मानायचा, हमी मानायची नाही. पण गावाला लागून मोक्याची, सपाट, रस्त्याकाठची जमीन असूनही तिथे शंभर वर्षांत कुणी घर बांधलेलं नाही आणि आज तिथे कॅम्पसाइट आहे, असं दिसलं तर कारण विचारायला लाजू नये.

पाण्याखालोखाल थंडी. उंचीचा हिशेब सोपा आहे, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी. लाउटरब्रुनेनऐवजी आरोलाजवळ, सुमारे १९५० मीटरवर तंबू टाकला तर तीच स्लीपिंग बॅग सात-आठ अंश कमी पडते आणि जुलैतही सकाळी तंबूवर बर्फाची भुरभुर सापडू शकते. पण हिशेबात न येणारी थंडी वेगळीच. निरभ्र रात्री उतारावरची हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी घरंगळत खोलगट जागेत साठते. नदीकाठची सर्वांत खालची रांग म्हणून सर्वांत गारठलेली, सर्वांत ओली. वीस-तीस मीटर वर, उताराच्या पायरीवर असलेल्या रांगेत सकाळी तंबू बोट लावून बघितला तर कोरडा लागतो. झाडाखाली दव कमी पडतं, पण तिथे डिंक गळतो, पाऊस थांबल्यावरही तासभर टपटप चालू राहते, आणि वादळात झाडाखाली झोपणं मला मान्य नाही. नवऱ्याला सावली हवी असते, म्हणून आम्ही झाडापासून त्याच्या उंचीइतकं अंतर ठेवतो. भांडण मिटतं.

उन्हाचं गणित दरीच्या दिशेवर आहे. लाउटरब्रुनेनची दरी दक्षिणोत्तर पडते. पूर्वेचा कडा इतका उंच की बाहेर सूर्योदय होऊन गेल्यावरही तळ बराच वेळ सावलीत राहतो, आणि संध्याकाळी पश्चिमेचा कडा ऊन लवकर गिळतो. शेजारचं ग्रिंडेलवाल्ड १०३४ मीटरवर, म्हणजे जरा गार, पण दरी पूर्व-पश्चिम असल्याने तिथल्या उत्तरेकडच्या उतारावर ऊन मनसोक्त. ओले बूट आणि टॉवेल दोरीवर वाळवायचे असतील तर या एका गोष्टीसाठी मी ग्रिंडेलवाल्डला जाईन. नवऱ्याला मात्र श्टाउबबाख हवा होता. यंदा तो जिंकला.

कॅम्पसाइटवर पोचलो तेव्हा दुपार टळायला आली होती. अशा ठिकाणी दुपारी एक-दोन तास फाटक बंद असतं, गाडी आत घेत नाहीत. पण पायी हिंडायला कुणी अडवत नाही, आणि मला वाटतं जागा निवडायची खरी वेळ तीच. आम्ही तिघं तीन दिशांना गेलो. बाबा सरळ नदीवर. वाइसे ल्युत्शिने हिमनदीच्या पिठासारख्या बारीक गाळाने राखाडी झालेली असते. वर बर्फ दुपारी वितळतं आणि ते पाणी खाली यायला वेळ लागतो, त्यामुळे अशी नदी पहाटे उतरलेली आणि संध्याकाळी चढलेली असते. सकाळच्या पात्राकडे बघून जागा धरणाऱ्याला संध्याकाळी आवाज दुप्पट ऐकू येतो. बाबांनी दगडांवरची ओली रेघ पाहिली, काठाच्या झुडपांत वर अडकलेला काडीकचरा शोधला, आणि काठावर पिवळी पाटी आहे का तेही पाहून आले. वरच्या बाजूला वीजप्रकल्पाचं धरण असलेल्या नद्यांवर अशा पाट्या असतात. हवा स्वच्छ असतानाही पाणी अचानक वाढेल, असं त्या सांगतात. चित्रातला माणूस लाटेपुढे पळत असतो.

मी जमिनीचा अंदाज घेत होते. एक मेख हातात ठेवायची आणि चार ठिकाणी रोवून बघायची. अर्ध्यावर खडकन थांबली तर खाली गोटे आहेत, म्हणजे वारा सुटला की मेखा उपटणार. सहज बुडाली आणि ओली वर आली तर पावसात तिथे डबकं. गवत आजूबाजूपेक्षा जास्त हिरवं आणि लुसलुशीत असेल तर तेही डबक्याचंच लक्षण. आडवं झोपून बघायला लोक संकोचतात, पण डोळ्यांना न कळणारा उतार पाठीला लगेच कळतो. डोकं चढाकडे येणार असेल तर चालेल, आडवा उतार मात्र अजिबात नको. रात्रभर एकमेकांच्या अंगावर घरंगळत राहतो माणूस.

सोयींबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच असतं. गरम पाण्याला नाणं लागतं का, पाव आदल्या रात्री सांगून ठेवावे लागतात का, बूट वाळवायची खोली आहे का, एवढं विचारून घ्यायचं. विजेचं मात्र नीट बघावं. काही ठिकाणी प्लगवर सहा अँपिअरचीच मर्यादा असते, म्हणजे तेराशे-चौदाशे वॅट. आपली इंडक्शनची शेगडी दोन हजाराची. ती लावली की शेजारच्यांचाही दिवा जातो, आणि मग खिचडीचं कौतुक कुणी करत नाही.

हे सगळं टाळून वर मोकळ्या डोंगरात तंबू टाकावा, असं नवरा दरवर्षी सुचवतो. स्वित्झर्लंडमध्ये झाडांच्या रेषेच्या वर एखादी रात्र बहुधा चालवून घेतात, पण राष्ट्रीय उद्यानात आणि शिकारबंदीच्या राखीव भागात सक्त मनाई. ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये कॅम्पसाइटबाहेर तंबू टाकणंच बेकायदेशीर. फ्रान्सच्या एक्रां उद्यानात रस्त्यापासून तासभर चालून गेलं तर संध्याकाळी सात ते सकाळी नऊपर्यंत परवानगी. पंचाहत्तरीच्या बाबांना घेऊन हे जमण्यातलं नाही, म्हणून विषय तिथेच थांबतो.

फाटक उघडल्यावर कार्यालयात गेलो. तिथल्या बाई जागांचा नकाशा टेबलावर पसरून नदीकाठची एक जागा दाखवत होत्या. शेवटचीच उरली आहे, सगळ्यांना तीच हवी असते म्हणाल्या. बाबांनी मला मराठीत प्रश्न सांगितला, मी जर्मनमध्ये विचारला: पाणी वाढलं तर तुम्ही लोकांना कुठे नेता? बाईंना प्रश्न विचित्र वाटला नाही. त्यांनी पेनने नकाशावर एक वाट आखली, वरच्या बाजूच्या कोठाराशेजारची मोकळी जागा दाखवली आणि भिंतीवरच्या सूचनाफलकाकडे बोट केलं. भोंगा वाजला की गाडी सोडून पायी निघायचं, असं त्यावर चार भाषांत लिहिलेलं.

"मग आम्हाला त्या कोठाराजवळचीच जागा द्या," बाबा म्हणाले. ती सहज मिळाली, कारण तिथून शिखर दिसत नाही आणि संडास लांब पडतो. श्टाउबबाख मात्र मान वाकडी केली की दिसतो, त्यामुळे नवऱ्यानेही कुरकुर आवरती घेतली. पर्यटन कर भरला, स्थानिक बसचे पास घेतले आणि अंधार पडायच्या आत तंबू उभा करायला लागलो. मेखा दोन वेळा गोट्यांना लागून वाकल्या, तिसऱ्यांदा तंबू हातभर सरकवून घेतला.