फोन शाबूत, निरोप बंद

अँड्रॉइड सरस की आयफोन, हा वाद पुण्या-मुंबईत तासन् तास रंगतो. वैनगंगेकाठच्या आरमोरीत, धानाच्या नि कोशाच्या मुलखात, प्रश्न वेगळाच: हातातला फोन साथ किती वर्षे देणार?

दीड हजारांच्या अनामतीवर २०१७ मध्ये बटणांचा जिओफोन आला. त्याची प्रणाली कायओएस. २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सअ‍ॅप मिळाले नि आजीबाईंनाही नातवंडांचे फोटो दिसू लागले. २०२५ च्या सुरुवातीला ते थांबले. बॅटरी ठणठणीत, बटणे जागच्या जागी. निरोप तेवढा येईना! विंडोज फोनवाल्यांनी हेच २०१९ अखेर भोगले होते.

आयफोन अधिक वर्षे टिकतो खरा, पण त्या किमतीत धानाचा हंगाम निघतो. मग घरातला एकुलता अँड्रॉइड शाळकरी पोराच्या हाती. आजीचे निरोप तोच वाचून दाखवतो, सवड झाली तर.